थांबलेले मीटर

व्यापाऱ्याच्या घरात मापाला मोठा मान असतो. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही, पारडे रिकामे असताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही, हे पाहिल्याखेरीज जुन्या पिढीतील माणूस सकाळची पहिली विक्री करीत नसे. त्याच दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीतही एक माप असते. मात्र त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ते माप म्हणजे गाडीचे मीटर. पेडगावातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी हे मीटर बंद पडले. दुरुस्ती दोन तासांत झाली. तिच्यातून निघालेला प्रश्न सुटायला मात्र अधिक वेळ लागला.

पेडगाव हे परभणी तालुक्यातील गाव. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे छोटेसे स्थानक आहे. भोवती काळी जमीन. सोयाबीन, तूर आणि कापूस ही पिके. या घराचा व्यवसाय शेतकऱ्यांकडून माल घेऊन परभणीच्या मोंढ्यात पोहोचविण्याचा. त्यासाठी दारात एक नऊ वर्षे जुनी पिकअप गाडी होती. सुगीनंतर ती विकून नवी घ्यावी, असे घरात ठरले होते.

पावसाळ्याच्या अखेरीस मीटरचा काटा थरथरू लागला. गाडी वेगात असताना तो मध्येच शून्यावर येई, पुन्हा उसळी घेई, आणि एके दिवशी शून्यावर आला तो तिथेच राहिला. त्याबरोबर किलोमीटरचा आकडाही ८७,६४० वर थांबला. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता. गाडी चालत होती, माल पोहोचत होता. मग काट्याकडे कोण पाहणार? असे दोन महिने गेले.

हंगाम ओसरल्यावर मुलाने परभणीत गाडी दाखविली. तेथील मिस्त्रीने संपूर्ण मीटर बदलण्याचा सल्ला दिला आणि खर्च काही हजारांत सांगितला. मुलाला तो पटला नाही. त्याने गाडीबरोबर आलेले पुस्तक काढून वाचले आणि दोष मीटरमध्ये नसून त्याला वेगाची खबर देणाऱ्या सेन्सरमध्ये असावा, असे अनुमान काढले.

या खबरीचा इतिहास मनोरंजक आहे. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. गिअरबॉक्समधून निघालेली फिरती केबल मीटरमधील चुंबक फिरवी आणि त्याच्या ओढीने काटा सरके. आपल्याकडील जुन्या गाड्यांत अनेक वर्षे हीच केबल होती. पुढे तिची जागा सेन्सरने घेतली. अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हॉल यांना १८७९ मध्ये आढळले होते की, विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. अनेक गाड्यांतील सेन्सर याच तत्त्वावर चालतो. गिअरबॉक्समधील चक्र फिरले की तो विजेचे ठोके मीटरकडे पाठवितो आणि त्या ठोक्यांवरून वेग व अंतर दोन्ही ठरतात. ठोके थांबले की मीटरच्या दृष्टीने गाडी उभी असते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हा स्वतंत्र सेन्सर नसतो. चाकांजवळच्या ब्रेकप्रणालीच्या सेन्सरकडूनच वेग घेतला जातो. या गाडीत मात्र तो गिअरबॉक्सच्या मागील भागावर होता.

एका रविवारी दुपारी मुलाने काम आरंभिले. सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकू नये, म्हणून जेवणाआधी काम आटोपण्याची ताकीद आईने दिली होती. वडिलांना घरात सारे अण्णा म्हणतात. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. ते खुर्ची टाकून जवळ बसले.

“अरे, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नकोस,” त्यांनी बजावले.

“नाही अण्णा, लोखंडी घोडे आणले आहेत.”

मागचे चाक हाताने फिरवून पाहायचे होते, म्हणजे हँडब्रेक सोडावा लागणार. म्हणून त्याने प्रथम पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावले. मग मागचे एक चाक उचलून आसाखाली घोडा दिला आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. गोदामातील उंदरांनी वायर कुरतडली असावी, अशी पहिली शंका होती. वायर शाबूत निघाली. फ्यूजही ठीक होता. कनेक्टरमध्ये थोडा चिखल होता. तो पुसूनही काटा हलला नाही. मग किल्ली फिरवून त्याने मल्टीमीटर लावला. सेन्सरच्या तीन तारांपैकी पुरवठ्याच्या तारेवर १२ व्होल्ट येत होते. ठोक्यांच्या तारेवर टोक ठेवून त्याने पुतण्याला चाक सावकाश फिरवायला सांगितले. आकडा वरखाली व्हायला हवा होता. तो जागचा हलला नाही. सेन्सर मेला होता, मीटर नव्हे.

त्याच मॉडेलचा, त्याच क्रमांकाचा सेन्सर त्याने शहरातून आधीच आणून ठेवला होता. किंमत साडेसहाशे रुपये. गाडी पुन्हा चारही चाकांवर उतरविली, हँडब्रेक ओढला, बॅटरीची ऋण तार सोडली. गाडी उंच असल्याने खाली सरकण्यापुरती जागा होती. सेन्सरभोवतीचा चिखल त्याने ब्रशने आणि फडक्याने नीट साफ केला. छिद्र उघडताना मातीचा कण आत पडला तर गिअरबॉक्सला इजा होते. दहा नंबरच्या पान्याने एकच बोल्ट सोडवून त्याने सेन्सर हलक्या हाताने फिरवत बाहेर काढला. चमचाभर तेल ठिबकले. नव्याच्या रबरी रिंगला तेलाचे बोट लावले आणि त्याचे दाते आतील चक्रात बसेपर्यंत तो न ठोकता दाबला. बोल्ट बेताने आवळला, कारण ॲल्युमिनियमच्या कवचातील आटे लवकर जातात. कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसविला आणि बॅटरी जोडली.

स्थानकाच्या रस्त्याने गाडी निघाली आणि काटा सावकाश वर चढला. काही अंतर गेल्यावर ८७,६४० चे ८७,६४१ झाले. मुलाच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. घरी परतल्यावर तो म्हणाला, “अण्णा, हजारांचे काम साडेसहाशेत झाले. शिवाय गाडी विकताना मीटरवर दोन महिने कमीच दिसतील.”

दुसरे वाक्य त्याने हसत म्हटले होते. अण्णा मात्र उठून गल्ल्याजवळ गेले आणि डिझेलची वही घेऊन आले. मीटर बंद झाल्यापासून गाडीत १७२ लिटर डिझेल पडले होते. लिटरमागे सरासरी १४ किलोमीटर धरले तर अंतर २,४०८ भरत होते. म्हणजे गाडी खरोखर सुमारे ९०,०५० किलोमीटर चालली होती.

“नव्वद हजारांत अडीच हजारांनी काय होते?” मुलाने विचारले.

“क्विंटलमागे अडीच किलोहून अधिक कमी भरते,” अण्णा म्हणाले. “आपल्या काट्यात एवढी तूट निघाली, तर तू शेतकऱ्याला काय सांगशील?”

मुलाकडे उत्तर नव्हते. अण्णांनी वहीचे मागील पान उलटले. इंजिनचे तेल ७८,५०० वर बदलले होते आणि पुढचा बदल ८८,५०० वर होता. मीटरप्रमाणे अजून ८६० किलोमीटर शिल्लक होते. हिशेबाप्रमाणे मुदत उलटून दीड हजार किलोमीटर झाले होते. आतापर्यंत खोट्या आकड्याने फसवले ते ग्राहकाला नव्हे, घरालाच. मीटर थांबले म्हणून इंजिनची झीज थांबली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम तेल बदलण्याचे झाले.

महिन्याभराने मानवतकडील एक तरुण भाजीव्यापारी गाडी पाहायला आला. सौदा जवळजवळ ठरला तेव्हा अण्णांनी एक कागद त्याच्यासमोर ठेवला. मीटर कोणत्या आकड्यावर थांबले, किती दिवस बंद होते, डिझेलवरून अंदाजे किती अंतर निघते, सेन्सर घरीच बदलला आणि तेल उशिरा बदलले गेले, असे सारे त्यात लिहिले होते.

तरुणाने कागद दोनदा वाचला. “शेठजी, हे सांगितले नसते तर मला कळले नसते,” तो म्हणाला.

“म्हणूनच सांगितले.”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग व्यापारीच तो. त्याने पाच हजार रुपये कमी करण्याची मागणी केली. तेल उशिरा बदलले, हेच त्याने कारण दिले. मुलगा काही बोलणार होता. अण्णांनी मान हलवून मागणी मान्य केली. साडेसहाशे रुपयांत वाचविलेले पैसे असे निघून गेल्याची रुखरुख मुलाला पुष्कळ दिवस होती, आणि ती त्याने लपविलीही नाही. अण्णांनीही त्याला उपदेश केला नाही. ते एवढेच म्हणाले, “रक्कम खर्चाच्या खात्यात लिही. नावही लिही, मीटर बंद असताना गाडी चालविल्याचा खर्च.”

मुलाने तसेच लिहिले.

आता दारात नवी गाडी आहे. तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पातळ वही असते. डिझेल भरले की लिटर आणि मीटरचा आकडा शेजारी शेजारी लिहिला जातो. दोन्हींचा मेळ बसेनासा झाला की त्याच आठवड्यात गाडी तपासायची, असा नियम आहे. हा नियम अण्णांनी घातलेला नाही. तो मुलाने घातला आहे, आणि वही तो कोणाला विसरू देत नाही.