टेव्येची तिसरी मुलगी

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं सर्वांनीं मिळून घरीं 'फिडलर ऑन द रूफ' हा बोलपट पाहिला. तो १९७१ सालीं निघाला. मूळ संगीत नाटक २२ सप्टेंबर १९६४ रोजीं न्यूयॉर्क येथें रंगभूमीवर आलें आणि १९७२ पर्यंत त्याचे ३,२४२ प्रयोग झाले. रशियन साम्राज्यांतील एका दरिद्री यहुदी खेड्यांत १९०५ च्या सुमारास घडणारें हें कथानक पाहावयास लोक अजून कां जमतात, असें माझ्या मुलानें विचारलें. त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं.

टेव्ये हा दूध विकून पोट भरणारा गृहस्थ. घोडा लंगडा, घरांत पांच मुली, हुंड्यास पैका नाहीं, आणि देवाशीं दिवसभर संभाषण चाललेलें. कधीं आर्जव, कधीं चक्क हुज्जत. यिद्दिश भाषेचे नामांकित लेखक शोलोम अलेइखेम (१८५९–१९१६) यांनीं १८९४ पासून त्याच्या गोष्टी लिहिल्या. त्यांवरून जोसेफ स्टाइन यांनीं नाटक रचिलें. पदें शेल्डन हार्निक यांचीं, चाली जेरी बॉक यांच्या. १९६७ सालीं तें टोकियोंत जपानी भाषेंत झालें, तेव्हां तेथील निर्मात्यानें स्टाइन यांना विचारलें म्हणे, कीं इतकें जपानी नाटक अमेरिकेंत समजतें तरी कसें! हंसूं येतें खरें. पण लग्नें जुळविणारी ती वाचाळ मध्यस्थ बाई पाहून आमच्या मातोश्रींनाही कांहीं परकें वाटलें नाहीं.

थोरली मुलगी श्रीमंत खाटकास नाकारून गरीब शिंप्यास वरते. बाप कुरकुरत रुकार देतो. दुसरी परवानगी न मागतां नुसता आशीर्वाद मागते, आणि सैबेरियांत धाडलेल्या आपल्या क्रांतिकारक वराकडे निघून जाते; तेंही तो सोसतो. तिसरी हावा एका रशियन ख्रिस्ती तरुणाशीं लग्न करते. आजवर प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू शोधणाऱ्या टेव्येला या वेळीं दुसरी बाजू सांपडत नाहीं. मुलगी त्याच्या लेखीं मेली.

येथें मी बसल्या जागीं अस्वस्थ झालों. माझ्या पणजोबांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांच्या वडिलांनीं त्यांच्या नांवानें आंघोळ केली, व पुढें तें नांव त्या घरांत उच्चारलें गेलें नाहीं. ही गोष्ट आमच्याकडे दर नाताळास सांगतात. तींत पणजोबा निश्चयी असतात आणि त्यांचे वडील कठोर. बस्स, कठोर, याहून त्यांच्याविषयीं आम्हांस कांहीं ठाऊक नाहीं. त्यांचें नांवही आमच्या घरांत कोणी घेत नाहीं.

मुलांनो, दोन्ही गोष्टी सर्वस्वीं सारख्या नव्हत, हेंही सांगितलें पाहिजे. १९०३ सालीं किशिनेव शहरांत यहुद्यांची कत्तल झाली ती ऐन ईस्टरच्या सणांत, आणि ती करणारे आपणांस ख्रिस्ती म्हणवीत होते. थोरलीच्या लग्नाचा मांडवही असेच लोक उधळून लावतात. हावा ज्या समाजांत गेली, त्यानें तिच्या बापाला असें छळलें होतें. आमच्या खापरपणजोबांवर तशी वेळ आली नव्हती. तथापि गेलेल्या मुलाचें दुःख त्यांना झालें नसेल, असें मी आजवर धरूनच चाललों होतों.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें दिसतें. घर सोडून जाणाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु दार लावून घेणाऱ्याच्या शेजारीं आपणांस बसवून, त्यास निर्दोष न ठरवितां, त्याचें काळीज दाखविणारें नाटक विरळा.

शेवटीं साऱ्या गांवाला तीन दिवसांत घरदार सोडण्याचा हुकूम येतो. आम्हीही हा देश सोडतों, असें सांगावयास हावा आणि तिचा नवरा येतात. टेव्ये सामान बांधीत राहतो, मान वर करीत नाहीं. थोरली बहीण निरोप देऊं लागते, तेव्हां तो हळूच दोन शब्द पुटपुटतो, आणि बापाचा आशीर्वाद बहिणीच्या तोंडून हावाला पोंचतो. मूळ गोष्टींत ती नवऱ्याचें घर सोडून बापाकडे परत येते. मला नाटकाचा शेवट अधिक खरा वाटतो.

"बाबा, खापरपणजोबांनीं असें कांहीं पुटपुटलें असेल का?" मुलानें विचारलें. दुसऱ्या दिवशीं मीं आमच्या वृद्ध आत्याबाईंना त्यांचें नांव विचारलें. त्या बराच वेळ आठवीत बसल्या. मग म्हणाल्या, "आजवर कोणी विचारलेंच नव्हतें रे."