हाऊसबोटीतून उतरा, बांधावरून चाला

केरळची सहल म्हटली की साचा ठरलेला असतो. मुन्नारचे चहाचे मळे, थेकडीचा जलाशय आणि शेवटी अलेप्पीला, म्हणजे आजच्या आलप्पुळ्याला, हाऊसबोटीवर एक रात्र. तुम्हीही असंच काही ठरवत असाल, तर त्यात एका सकाळची भर घाला. पाण्यातून नाही, पाण्याच्या कडेने चालण्याची. आणि ज्यांच्या गुडघ्यांमुळे तुमच्या घरातल्या सहली दरवेळी अर्ध्यावर अडतात, त्यांना मुद्दाम बरोबर न्या.

आमच्याकडे त्या सासूबाई. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. गड असो, लेणी असोत की डोंगरावरचं देऊळ, त्या पायथ्याशी बसून आमच्या पिशव्या सांभाळायच्या. ‘तुम्ही जाऊन या, मी इथे मजेत आहे,’ हे त्यांचं वाक्य आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की त्यात मजा नसते, हे कधी लक्षातच आलं नाही. कुट्टनाडला पहिल्यांदा त्या आमच्या पुढे चालत होत्या. कारण तिथे चढच नाही.

कुट्टनाड म्हणजे आलप्पुळ्याच्या पूर्वेला, वेम्बनाड तलावाच्या काठी पसरलेला भाताचा प्रदेश. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनचिल या नद्या इथे येऊन तलावाला मिळतात. इथली बरीचशी शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, काही ठिकाणी तर दोन मीटरांहूनही खाली. कोकणात किंवा गोव्यात खाजणाची शेती पाहिली असेल, तर कल्पना लगेच येईल. खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली जमीन. कुट्टनाड हा त्या खाजणाचा थोरला भाऊ. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीची जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून नोंद घेतली.

हाऊसबोटीच्या डेकवरून यातलं फार थोडं दिसतं. दिसतात त्या पुढच्या हाऊसबोटी. बांधावर उभं राहिलात की मात्र सगळा हिशेब डोळ्यांसमोर येतो. एका हाताला कालवा, पाणी जवळजवळ पावलांशी आलेलं. दुसऱ्या हाताला भात, माणसाच्या उंचीइतका खाली. शेतात वाकून काम करणाऱ्याच्या डोक्यावरून बोट जाते! आमचा नऊ वर्षांचा मुलगा पाच मिनिटं नुसता इकडे-तिकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘आई, हे पाणी आत का येत नाही?’

येतं की. पावसाळ्यात शेतं भरून जातात. पाऊस ओसरला की एका पट्ट्यातले सगळे शेतकरी मिळून पाणी उपसून बाहेर कालव्यात टाकतात आणि मग पेरणी होते. त्यासाठीचा जुना लाकडी पंप आजही दिसतो, त्याला ‘पेट्टी-परा’ म्हणतात. पेट्टी म्हणजे पेटीच, परा म्हणजे पिंप. पूर्वी हेच काम पायांनी चालवायच्या लाकडी चक्रांवर माणसं करायची. आणि बांध? तलावाच्या तळाशी बुडी मारून मजुरांनी वर काढलेला चिखल, नारळाचे खांब आणि बांबू यांचे. 1940 च्या दशकात जोसेफ मुरिक्कन नावाच्या शेतकऱ्याने असे बांध घालून तलावातून चित्तिरा, मार्ताण्डम आणि राणी ही तीन विस्तीर्ण शेतं उभी केली. त्रावणकोर राजघराण्यातल्या मंडळींवरून ठेवलेली ही नावं. मुरिक्कनचं नाव आजही तिथे घेतात. बुड्या मारणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता प्रत्यक्ष कसं जायचं ते सांगते. आलप्पुळ्याच्या बोटजेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटी सुटतात. शाळेची मुलं, नर्स, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका यांच्याबरोबर लाकडी बाकावर बसायचं. तिकीट साध्या बसच्या तिकिटाएवढं. कैनकरीकडे जाणारी बोट विचारा आणि चढतानाच परतीची वेळ विचारून ठेवा. चुकली तर पुढची बोट बऱ्याच वेळाने असते. कैनकरीला उतरलात की वाट शोधावी लागत नाही, कालव्याच्या कडेने जाते तीच वाट. कुठे सिमेंटची, कुठे मातीची, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील इतपत. संत कुरियाकोस चावरा यांचं जन्मस्थान इथलंच. तासाभरात दोन-तीन किलोमीटर सहज होतात, तेही थांबत-थांबत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. वाट सपाट असली तरी मधले पादचारी पूल सपाट नाहीत. खालून बोटी जाव्यात म्हणून ते कमानीसारखे उंच बांधलेले असतात आणि त्यांना पायऱ्या असतात. गुडघे दुखत असतील तर कालव्याची एकच बाजू धरून जा आणि त्याच वाटेने परता. पाण्याच्या बाजूला कठडा नसतो, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका. पावसाळ्यात शेवाळाने वाट निसरडी होते, तेव्हा हा बेत नकोच. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भात हिरवागार असतो. मार्चमध्ये कापणीची लगबग असते आणि कापणीनंतर रिकाम्या शेतांत बदकांचे हजारोंचे कळप सोडतात. सकाळी लवकर निघा. दहानंतर ऊन आणि घाम असा काही पिच्छा पुरवतात की विचारू नका.

या वाटा लोकांच्या अंगणातून जातात, हेही ध्यानात असू द्या. कुणी पायरीवर भांडी घासतंय, कुणी जाळं विणतंय. फोटोआधी निदान मान हलवून विचारावं.

आम्ही अशाच एका अंगणातून जात असताना एका आजींनी सासूबाईंना पाहून हाक मारली, ‘अम्मा, वरू!’ सासूबाई थबकल्या. त्यांना वाटलं, वर कुठेतरी चढायला सांगतायत. मल्याळममध्ये ‘वरू’ म्हणजे ‘या’. मग ‘इरिक्कू’ म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली आणि गुलाबीसर कोमट पाणी दिलं. पतिमुखम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं हे पाणी केरळात घरोघरी देतात.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. खिडकीच्या चौकटीच्या वर एक पुसट मातकट रेघ होती. त्यांनी बोटांनी दोन, शून्य, एक, आठ असं दाखवलं. ऑगस्ट 2018 चा महापूर. तेव्हा कुट्टनाड जवळजवळ सगळं रिकामं करावं लागलं होतं. लोक बोटींतून आलप्पुळ्याला, चंगनाश्शेरीला गेले होते.

सासूबाई सांगलीच्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा त्यांच्या घरात शिरली होती. त्या खुर्चीवरून उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्या रेघेच्या हातभर खाली आपला तळहात टेकवला. मग बोटांनी दोन, शून्य, एक, नऊ. आजींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. दोघी काही वेळ भिंतीपाशीच उभ्या राहिल्या. सासूबाई त्या पुराबद्दल आमच्याशी फार कधी बोलल्या नव्हत्या. परतीच्या वाटेवर मात्र सांगत होत्या, पाणी ओसरल्यावर आधी काय उचललं, काय टाकून दिलं, लग्नातल्या फोटोंचं काय झालं.

कैनकरीला जाणं जमणार नसेल तर शहरातच चाला. आलप्पुळ्यातून दोन जुने कालवे समांतर जातात, वाडै आणि कमर्शियल. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांच्या काळात बंदराचा माल आत नेण्यासाठी ते खोदले गेले. जेट्टीपासून समुद्रकिनारा साधारण तीन किलोमीटर, वाटेत जुन्या झाडांची सावली, काथ्याच्या व्यापाराच्या जुन्या वखारी आणि शेवटी 1862 चा दीपस्तंभ. गोव्याहून पूर्वी आलेल्या गौड सारस्वत कुटुंबांची इथे वस्ती आहे, तेव्हा बाजारात कोकणी कानावर पडली तर दचकू नका. कालव्यांचं पाणी मात्र स्वच्छ नाही, जलपर्णी आणि कचरा दोन्ही दिसतात. काही वर्षांपूर्वी आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी इथे येऊन गल्लोगल्ली सांडपाण्याची पाहणी करून गेले. नाक थोडं घट्ट ठेवा, पण चाला.

तलावाकाठची चाल हवी असेल तर मुहम्मा गाठा आणि बोटीने पातिरामणल या निर्जन बेटावर जा. झाडीतली सपाट पाऊलवाट, पक्षी आणि शांतता. सोबत पाण्याची बाटली आणि डासांचं मलम न्या.

मुंबई-कोकणातून येणाऱ्यांना नेत्रावती एक्सप्रेस थेट आलप्पुळ्याला उतरवते. भूक लागली तर जेट्टीजवळ चहा आणि पळम्पोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी. सासूबाईंनी तीन खाल्ल्या आणि बोटीत आमच्या आधी चढून खिडकीची जागा पटकावली. पिशव्या या वेळी माझ्या मांडीवर होत्या.