ब्रेकवर आबांचा पाय

माउंट हॅमिल्टनवरून उतरत होतो. वेधशाळा मागे पडली होती, स्मिथ क्रीकचा ओढा अजून बराच खाली होता. एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी लागलंच नाही. चिखलात पाय रुतत जावा तसं ते हळूहळू तळापर्यंत गेलं. गाडी मंदावली, पण मला हवी होती त्याच्या निम्मीसुद्धा नाही. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो, पेडल भराभर दोन-तीनदा मारलं, हँडब्रेक ओढला. वळण निघालं. पुढे रस्त्याकडेला रुंद जागा दिसली तिथे गाडी थांबवली आणि उतरलो. चाकांतून जळक्या लायनरचा वास येत होता.

हा वास मला लहानपणापासून ओळखीचा. माझे वडील, आबा, एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोत. चिपळूणची फेरी करून कुंभार्ली घाटातून परत आले की त्यांच्या खाकी कपड्यांना डिझेलच्या वासाखाली हा वास असायचा. तेव्हा तो मला घरी आल्याचा वास वाटायचा. त्या दिवशी, सॅन होजेच्या वरच्या डोंगरात एकटा उभा असताना, त्याच वासाने पोटात गोळा आला.

मनाला लागलं ते वेगळंच. माउंट हॅमिल्टनचा रस्ता काही अवघड घाट नाही. १८७६ मध्ये तो बांधला तो घोड्यांच्या गाड्यांसाठी. वर लिक वेधशाळा उभी करायची होती, सगळं सामान घोड्यांनी ओढायचं होतं, म्हणून चढ साडेसहा टक्क्यांच्या आत ठेवला आणि त्यापायी वळणं शेकड्यांनी वाढली. १८८८ पर्यंत जगातली तेव्हाची सर्वांत मोठी भिंगांची दुर्बीण या रस्त्याने वर पोचलेली होती. अशा रस्त्यावर माझ्या गाडीने मान टाकली होती.

गाडी १९९२ ची माझ्दा मियाटा. उघड्या टपाची, दोन माणसांची, जेमतेम हजार किलोची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तोवर अशी हलकी, मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त स्पोर्ट्स कार बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली होती. माझ्या गाडीचं इंजिन १.६ लिटरचं, ११६ अश्वशक्तीचं. ताकद बेताची, पण स्टिअरिंग हातात घेतलं की पुढच्या चाकाखालचा खडासुद्धा बोटांना कळतो. तिला एबीएस नाही. ब्रेक किती मारायचा हे सगळं पायावर.

गाडीच्या आधीच्या मालकाने दिलेल्या बिलांत एका गॅरेजचं बिल होतं. ब्रेकचं काम पूर्ण, असं त्यावर लिहिलेलं. मी ते खरं धरून चाललो. स्वतः चाक काढून बघायला हवं होतं, ते बघितलं नाही.

घरी आल्यावर चारही चाकं काढली. पुढे ठीक होतं. मागे उजवीकडचा आतला पॅड लोखंडापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्यातली एक गंजून अडकली होती, त्यामुळे एकच बाजू काम करत होती. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर आत काकवी. नवं ब्रेक ऑइल फिकट मधाच्या रंगाचं असतं. ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट फोर जातीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, त्यातच ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. माझा पाय त्या वळणावर वाफ दाबत होता.

ऑफिसातला एक सहकारी रेसिंगच्या ट्रॅकवर गाडी चालवतो. त्याने चार पिस्टनचे लाल कॅलिपर आणि भल्यामोठ्या डिस्क सुचवल्या. दोन रात्री मी त्यांचीच चित्रं बघत बसलो होतो, मोह खरंच झाला होता. मग कागद घेऊन हिशेब मांडला. गाडी, मी आणि शेजारी कुणी धरून अकराशे किलोच्या आसपास. ताशी ८० वरून ३५ वर आणायची तर सुमारे दोन लाख ज्यूल उष्णता होते. त्यात चार कप चहाचं पाणी उकळेल. एका वळणाला चार कप, पुढच्या वळणाला पुन्हा चार कप, आणि मध्ये गार व्हायला दहा-बारा सेकंद. मोठी डिस्क इथे कामाला येते: लोखंड जास्त, वारा लागायला जागा जास्त, म्हणून ती तापायला वेळ लागतो. गाडी कमी अंतरात थांबेल असं मात्र नाही. जुन्या डिस्कसुद्धा जोर लावला तर चाकं जाम करू शकत होत्या, आणि चाक जाम झाल्यावर पुढचं सगळं टायरच्या हातात. नवे ब्रेक घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण लोक मोठ्या डिस्कवर पैसे घालतात आणि त्याच गाडीला टणक झालेले सात वर्षांचे टायर तसेच ठेवतात.

शेवटी ठरवलं ते माझ्दानेच नंतर केलेलं होतं. १९९४ पासून या गाडीला १.८ लिटरचं इंजिन आलं आणि त्यासोबत मोठे ब्रेक. पुढची डिस्क २३५ मिलिमीटरवरून २५५ वर, मागची २३१ वरून २५१ वर. हे भाग जुन्या गाडीवर जसेच्या तसे बसतात, चौदा इंची चाकंही बदलावी लागत नाहीत. १९९५ च्या एका भंगारातल्या गाडीवरून चारही कॅलिपर आणि ते धरणारे ब्रॅकेट मिळवले. डिस्क, पॅड, पिना, त्यांची रबरी टोपणं नवी. ब्रेकच्या रबरी नळ्याही बदलल्या, त्याजागी पोलादी जाळीच्या घेतल्या. सहकारी म्हणाला, फक्त पुढचे बदल, सत्तर टक्के काम पुढेच होतं. पण पुढेच जोर वाढवला तर पुढची चाकं आधी जाम होतात आणि मागचे ब्रेक नुसते बरोबर फिरतात. कारखान्याने दोन्हीकडे सारखेच वीस मिलिमीटर वाढवले होते ते उगाच नाही.

त्याच सुमारास आबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. दिवसभर घरात करमेना, म्हणून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी सुट्या कॅलिपरमधली पिन उचलली, फडक्याने पुसली, बोटाने ग्रीस लावली आणि टोपणात सरकवून बघितली. मग पुढच्या सगळ्या पिना त्यांनीच केल्या.

मागच्या कॅलिपरने मला अर्धा दिवस अडवलं. नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढे तो शिकंजा लावून सहज गेला. मागे जाईना. मी जोर वाढवत होतो तेव्हा आबा म्हणाले, "थांब. जोरानं जाईना म्हणजी आत कायतरी धरलंय." मॅन्युअल काढलं. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते, तिचा एक स्क्रू पिस्टनला मागून धरून ठेवतो. कॅलिपरच्या पाठीवर १४ नंबरचा एक बोल्ट आहे, तो सैल करून काढला की आत खोलवर ४ मिलिमीटरच्या ॲलन कीचं भोक. की घालून डावीकडे फिरवली तसा पिस्टन आपणहून, मिलिमीटर-मिलिमीटरने, आत सरकत गेला. जोडून झाल्यावर उलट करायचं: पॅड डिस्कला टेकेपर्यंत उजवीकडे फिरवायचं आणि मग एक तृतीयांश फेरा मागे. भंगारातून आणलेल्या मागच्या दोन कॅलिपरपैकी एकावर त्या बोल्टच्या कडांना पाना कधी लागलेलाच नव्हता. म्हणजे आधी कुणीतरी तो पिस्टन जोरानेच ढकलला असणार.

मग ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायची. याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाखाली. आबा ड्रायव्हरच्या जागी बसले. उंच बसची सवय असलेला माणूस, जमिनीला लागलेल्या त्या सीटमध्ये उतरताना त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. बसल्यावर मात्र पाय न बघता पेडलवर गेला.

"तुमच्या गाड्यांना हवेचे ब्रेक होते, हे ऑइलचं आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. आमच्या गाडीत हवा नसली तर ब्रेक लागायचा न्हाय. तुझ्या गाडीत हवा राहिली तर लागायचा न्हाय."

पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. "दाबा." "दाबलं." कॅलिपरवरचं निपल पाव फेरा सैल केलं की पारदर्शक नळीतून काळं ऑइल, त्यात बुडबुडे, मग फिकट, मग स्वच्छ. निपल बंद. "सोडा." मध्ये मध्ये उठून डबीत ऑइल टाकायचं, ती रिकामी झाली की वरून पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. एक थेंब पुढच्या मडगार्डवर सांडला, तो लगेच पाण्याने धुतला, नाहीतर हे ऑइल रंग खातं.

चारही चाकं झाली. नळीत बुडबुडा नव्हता. मी हत्यारं आवरायला घेतली. आबा पेडलवर पाय ठेवून बसूनच होते.

"अजून हाय. पाय भरला न्हाय."

मला काही वेगळं जाणवत नव्हतं. तरी पुन्हा मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात केली. पाचव्या दाबाला मोहरीएवढे दोन बुडबुडे आले. त्यानंतर त्यांनी पेडल एकदाच दाबलं, धरलं, आणि म्हणाले, "आता भरला."

नवे पॅड लगेच घाटात न्यायचे नसतात. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारले, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. नंतर ब्रेकला पाय न लावता गार होईपर्यंत चालवत राहिलो.

त्या शनिवारी आबांना शेजारी बसवून माउंट हॅमिल्टनला गेलो. वर त्यांनी पांढरे घुमट पाहिले, दरीकडे पाहिलं आणि परत गाडीत येऊन बसले. उतरताना ते काही बोलले नाहीत. फक्त पहिल्या दोन वळणांना त्यांचा उजवा पाय पायाशी असलेल्या गालिच्यावर दाबला गेलेला मी पाहिला. तिसऱ्याला नाही. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली होती. स्मिथ क्रीकपर्यंत पेडल जिथे होतं तिथेच राहिलं.

खाली पुलाशी थांबलो. आबा उतरून प्रत्येक चाकाशी वाकले, हाताची पाठ आऱ्यांजवळ धरली, डेपोत फेरीनंतर धरायचे तशी. मागच्या उजव्या चाकाशी जरा जास्त थांबले.

"हे धरतंय."

मला हँडब्रेक चटकन लागणारा हवा होता, म्हणून त्या बाजूला मी एक तृतीयांश फेरा पूर्ण मागे घेतला नव्हता. घरी गेल्यावर मागची बाजू जॅकवर घेतली. आबांनी खुर्ची चाकाशी ओढली आणि हाताने चाक फिरवत राहिले. खर्र खर्र असा बारीक आवाज येत होता. मी १४ चा बोल्ट काढला, की घातली, थोडी डावीकडे फिरवली.

"अजून थोडं," ते म्हणाले.