रेघेखालचं महाभारत

महाभारताची चिकित्सक आवृत्ती हातात घेतली की वाचनाचा वेग आपोआप उतरतो. पानाच्या वरच्या भागात संहिता, मग आडवी रेघ आणि रेघेखाली बारीक अक्षरांत पाठभेद. कोणत्या पोथीत शब्द वेगळा, कोणत्या पोथीत चार ओळी जादा, सगळं तिथे नोंदलेलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली हे काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. त्याची शिस्त घालून देणारे वि. स. सुखटणकर १९४३ सालीच गेले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या शेकडो पोथ्या ताडून ही संहिता सिद्ध झाली.

आमच्या वाचनमंडळात मी ती मोठ्यानं वाचते; आधी श्लोक, मग मराठीत अर्थ. एकट्यानं वाचताना नजर सहज रेघेच्या वरच राहते. समोर ऐकणारी माणसं असली की तसं चालत नाही.

द्यूतसभेचा प्रसंग घ्या. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितानं केलं. त्यानं ठरवलेल्या संहितेत द्रौपदी कृष्णाचा धावा करत नाही. दुःशासन वस्त्र ओढतो, तसंच दुसरं वस्त्र निघतं, मग आणखी एक. कुठून आलं, कोणी दिलं, याबद्दल अक्षर नाही. धाव्याच्या ओळी रेघेखाली आहेत.

वरचा मजकूर तेवढाच वाचला की सगळा भार तिच्या प्रश्नावर येतो. आधी स्वतःला हरलेल्या धर्मराजाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का? धर्माची गती सूक्ष्म आहे, म्हणून भीष्म बाजूला होतात. कौरव भावांपैकी विकर्ण तेवढा तिच्या बाजूनं बोलतो आणि कर्ण त्याला गप्प बसवतो. इरावती कर्व्यांनी याच आवृत्तीच्या आधारानं ‘युगान्त’ लिहिलं. भर सभेत असा वाद घालणं ही द्रौपदीची चूकच झाली, असं त्यांचं मत. इरावतीबाईंबद्दल मला अपार आदर आहे, पण हे पटत नाही. मालकी म्हणजे काय, माणूस माणसाला पणात हरू शकतो का, हे त्या सभेत दुसऱ्या कोणी विचारलंच नसतं. तत्त्वज्ञान तिथे उभं राहतं ते तिच्या तोंडून.

“मग वस्त्रं पुरवली कोणी?” मंडळातल्या एका आजींनी विचारलं. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेला कृष्ण त्यांना पानावर सापडेना. मी रेघेखालच्या ओळी वाचल्या. वाचता वाचता माझ्याही ध्यानात आलं, की या ओळी ज्यांनी घातल्या त्यांना द्रौपदीला त्या सभेत एकटं सोडणं सोसवलं नव्हतं. प्रक्षिप्त म्हणून त्या वगळल्या, तर त्या माणसांचा इतिहासच आपण वगळतो. संपादकांनी ते केलं नाही. जागा बदलली, ओळी जपल्या.

श्रद्धा आणि चिकित्सा यांचं वैर असतं असं मानायची आपल्याला सवय झाली आहे. पण पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती पोथ्या ताडूनच. आणि यात कोणी आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही शेवटी लिहून ठेवली. ज्ञानदेवांवर इतकी भक्ती होती, म्हणूनच त्यांचा शब्द भेसळीविना राहावा याची नाथांना तळमळ होती. आजींना मी नाथांचंच उदाहरण दिलं. त्यांना ते लगेच पटलं. कृष्ण मात्र त्यांनी सोडला नाही, आणि त्यांनी तो सोडावा असं मलाही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा आदिपर्वापासून सुरुवात करायची आहे. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथा या आवृत्तीत परिशिष्टात गेली आहे. ती वाचायची की गाळायची, यावर मंडळात एकमत नाही. मी ती पहिल्याच दिवशी वाचणार आहे, परिशिष्टातली आहे हे सांगून.