एका ढिगावर दोन चिठ्ठ्या

प्रोग्रामिंग शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्या तासाला तीन गिलास घेऊन वर्गात गेलो होतो. एकात चहा, एकात दूध, तिसरा रिकामा. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करायला तिसरी जागा का लागते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मी खूश. मग फळ्यावर 'अ = ब' लिहिलं, तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ब मधलं अ मध्ये ओतलं, त मंग ब रिकामा व्हाले पायजे ना?"

पोराचं बरोबर होतं. चुकले होते माझे गिलास. संगणक ओतत नाही, नक्कल उतरवतो. ब तसाच राहतो, अ मधलं जुनं तेवढं पुसलं जातं.

गिलास कपाटात गेले, वहीत चौकटी आल्या. चलाचं नाव बाहेर, किंमत आत. नवी किंमत आली की जुनीवर काट मारायची, खोडरबराला मनाई. लूप कुठे भरकटला, ते त्या काट मारलेल्या आकड्यांच्या रांगेतच सापडतं.

पायथनच्या याद्या आल्या आणि चौकटीही अपुऱ्या पडल्या. 'ब = अ' लिहून ब मध्ये एक आकडा वाढवला, तर तो अ मध्येही दिसतो. तेव्हा वाशिमची बाजार समिती कामी आली. समजा, हर्रासीच्या ओट्यावर सोयाबीनचा एक ढीग आहे आणि त्यावर दोन चिठ्ठ्या खोचल्या आहेत. म्हणून माल दुप्पट होतो का? कुठल्याही चिठ्ठीच्या नावाने टोपलंभर टाका, वाढणार तोच ढीग. शेतकऱ्यांची पोरं ती. दोन नावांचे बाण एकाच चौकटीकडे त्यांनी आपणहून वळवले.

फिलिप ग्वो यांचा २०१० मधला 'पायथन ट्यूटर' हीच चित्रं पडद्यावर ओळीओळीने काढतो. सुरुवातीला मी बटण दाबत गेलो, पोरं माना डोलवत गेली आणि चाचणीत कागद कोरे आले. हंडहाउसेन, डग्लस आणि स्टास्को या संशोधकांनी २००२ मध्ये अशा चित्रांवरचे २४ प्रयोग पडताळून हेच मांडलं होतं: चित्रात काय दिसतं, त्यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राचं काय करतो, यावर शिकणं अवलंबून असतं. आता बटणाला हात लावण्याआधी पुढची चौकट प्रत्येकाने वहीत काढायची, चुकली तरी चालेल. वीज गेली तरी तास अडत नाही.

गिलास मात्र पुन्हा बाहेर काढलेत. पहिल्या तासाला तोच खेळ करतो आणि विचारतो, "यात खोटं काय आहे, सांगा."