लाल मक्याच्या वाटेवर

सप्टेंबर संपत आला होता. भाच्याच्या गाडीतून केंटकीतल्या लुईव्हिलहून आय-६४ महामार्गानं पूर्वेकडे निघालो. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना घोड्यांची कुरणं, काळी कुंपणं आणि वाळत आलेला मका दिसू लागला.

"मामा, बर्बन बघायची तर मोठ्या डिस्टिलऱ्या सोडून इकडं कुठं?" भाच्यानं विचारलं. मला शेल्बीव्हिलजवळची जेप्था क्रीड डिस्टिलरी बघायची होती. तिथं घरच्या शेतातला मका बर्बन व्हिस्कीसाठी वापरतात.

जॉइस आणि ऑटम नेदरी या मायलेकींनी २०१६मध्ये ही डिस्टिलरी सुरू केली. माहिती सांगणाऱ्या मुलीनं पहिल्यांदा माझ्या हातात एक वाळलेलं कणीस ठेवलं. दाणे डाळिंबाहून गडद, काही तर काळपट लाल. नखानं एक दाणा फोडला, तर आत पांढरंशुभ्र पीठ. 'ब्लडी बुचर' नावाचं हे जुनं वाण एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत पिकतंय. आपल्या भाषेत गावरान. ताटं उंच वाढतात, वाऱ्यात लोळतात आणि संकरित पिवळ्या मक्याइतका उतारा देत नाहीत.

"मग हाच का लावता?"

"चवीसाठी," ती म्हणाली.

बर्बनचा कायदा काटेकोर आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. दारू मुरवायची ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात. बाटलीत मद्यार्क किमान ४० टक्के हवा. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसनं बर्बन हे खास अमेरिकेचं उत्पादन असल्याचं मान्य केलं. मका कोणत्या वाणाचा असावा, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. ते पेरणाऱ्यानं ठरवायचं.

आत हौदात भरडलेलं धान्य आंबत होतं. वाकून बघितलं. पृष्ठभाग संथ फसफसत होता आणि आंबोळीच्या पिठासारखा आंबूस-गोड वास नाकात भरला. पुढे तांब्याच्या भट्टीतून निघालेली दारू पाण्यासारखी नितळ होती. माहिती सांगणाऱ्या मुलीनं माझ्या तळहातावर थोडी ओतली, "चोळा" म्हणाली. मद्यार्क क्षणात उडाला आणि हातांना भाजलेल्या कणसाचा वास राहिला.

गोदामात पिंपं उतरंडीसारखी रचलेली. साधारण दोनशे लिटरच्या पिंपात दारू उन्हाळ्यात प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते; येताना रंग आणि व्हॅनिलासारखा गोडवा घेऊन येते. काही भाग हवेत उडून जातो. इथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

शेवटी पेल्यात घोटभर बर्बन मिळाली. आधी लाकूड, मग गूळ, आणि गिळल्यावर बऱ्याच वेळानं मका. हीच चव शोधत मी आलो होतो. बियाणं नुसतं डब्यात जपून फार काळ टिकत नाही. ते पुन्हा पुन्हा पेरावं लागतं, आणि पेरणाऱ्याला ते परवडावंही लागतं. कमी उताऱ्याच्या या वाणाला इथं त्याची किंमत मिळते, म्हणून ते शेतात उभं आहे.

परतताना भाचा गाडी चालवत होता. शेल्बीव्हिल मागे पडलं, ऊन कलंडलं. मी तळहात नाकाशी नेले. मक्याचा वास अजून होता.