गोव्याचे स्टेशन

१९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेगीते आटत आटत जवळपास बंदच झाली. त्याचा फायदा रेडिओ सिलोनला झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. अमीन सायानींवर इतके लिहून झाले आहे की आम्ही त्यात भर घालणार नाही. पण त्या दिवसांत गाण्यासाठी लोक आणखी एका स्टेशनाकडे वळले होते. ते म्हणजे 'एमिसोरा द गोवा', पोर्तुगीज सरकारचे रेडिओ केंद्र.

नशिराबादला आमच्या मोहल्ल्यात रेडिओ एकच, तोही मोठ्या बॅटरीवरचा. पोस्टात त्याच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. रात्री सुई फिरवता फिरवता मध्येच पोर्तुगीज बोलणे लागे. आम्हा पोरांना त्यातले अक्षर कळत नसे. अब्बा म्हणत, "ठहरो रे, गाना आएगा अब." खरखरीतून कधी खरेच यायचे, कधी नुसतेच बोलणे चालायचे.

त्याच भाषेत तेव्हा दुसराही आवाज बोलत होता, हे आम्हांला फार उशिरा वाचनातून कळले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त रेडिओ सुरू केला. तो कोकणीत बोले आणि पोर्तुगीजमध्येही. पुढे तो कॅसलरॉकला हलला आणि १९६१ पर्यंत चालला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. दुसऱ्या दिवशी त्याच लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचे सांगितले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

एकच भाषा राज्यकर्त्यांचीही आणि त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांचीही. आम्हांला हे विशेष वाटते, कारण आम्ही घरात एक बोलतो, शाळेत मराठी शिकलो, आणि अजूनही कुणीतरी विचारतेच, "तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" भाषेवर मालकीचा शिक्का मारणाऱ्यांनी आंबोलीचे रान आठवावे.

पोर्तुगीज अमलाचा एक वारसा मात्र रेडिओवाचूनही आमच्या दाराशी आला होता. गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्याबरोबर गायला लावले. शंकर-जयकिशनचे सेबास्टियन डिसूझाही गोव्याचेच. त्या काळी गाणे तुकड्यांत रेकॉर्ड होत नसे. गायक, तबला, पन्नास व्हायोलिने, सारे एकदम. एकाचा गज चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ज्याला आपण रेकॉर्ड म्हणतो ती खरे तर जिवंत मैफलच होती. तबकडीवर नाव नौशादचे, शकीलचे, रफीचे. सुरावट कागदावर मांडणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्यांचे नाव सहसा नसे.

नाव नसलेल्या अशा मैफली आमच्याकडेही आहेत. उरुसातल्या कव्वालीच्या, मुशायऱ्याच्या कॅसेटी आमच्या मोहल्ल्यात घराघरांत पडून होत्या. खानदेशचा उन्हाळा फितीला मानवत नाही. ती चिकटते, मग तुटते. गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या पोरांनी सतरा कॅसेटी गोळा केल्या. अकरा वाजल्याच नाहीत. उरलेल्या त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कव्वालांची नावे कोणत्याही खोक्यावर नाहीत, नुसते साल आहे, तेही एक-दोहोंवरच.

त्यांतल्या एकीत, दोन कव्वालींच्या मधे, कुणीतरी माइकवर शुद्ध खानदेशी हेल काढून मराठीत सांगते आहे की स्टँडकडच्या रस्त्यावर कुणाची बैलगाडी आडवी लागली आहे, ती आधी काढा, मागे लोक खोळंबले आहेत. मग गर्दी हसते आणि पेटी सुरू होते. तो आवाज कुणाचा, यावर पोरांच्या दादा-नानांमध्ये अजून एकमत झालेले नाही.